दोन अर्धे पिक्चर

लग्नाआधी माझ्या आईवडिलांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. माय लासूर स्टेशनची, तिचे वडील रेल्वेत गँगमन. अण्णा सोयगावकडचे, नुकतेच औरंगाबादला एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेले. लग्न झाल्यावर पहिले काही दिवस माय त्यांच्याशी बोलायचीच नाही. काही विचारलं तर मान हलवायची, आणि ती मान हो म्हणते की नाही म्हणते तेही अण्णांना कळायचं नाही. शेवटी एका दुपारी त्यांनी विचारलं, "पिक्चर बघितला का कधी?"

माय म्हणाली, "अर्धा."

मायनं नवऱ्याशी बोललेला हा पहिला शब्द, असं आमच्या घरात मानतात. मी आता पन्नाशीला आले, तरी ही गोष्ट सांगताना दोघं अजून एकमेकांना दुरुस्त करतात.

झालं होतं असं. माय लहान असताना लासूरला बाजाराच्या दिवसांत तंबू टॉकीज आली होती. पिक्चर परीचा होता. ढगांच्या राज्यातली एक परी नदी बघायला खाली उतरते आणि एका होडीवाल्याच्या प्रेमात पडते. परीला सावली नसते. पण ती जसजशी त्या होडीवाल्यात गुंतत जाते, तसतशी वाळूवर तिची फिकी फिकी सावली पडायला लागते. ती सावली बघून परी दचकते आणि तिथंच इंटरवल होतो. मायच्या मांडीवर तिचा धाकटा भाऊ होता. पडद्यावरच्या ढगांच्या गडगडाटानं त्यानं भोकाड पसरलं. आजीनं मायला सांगितलं, "घरी ने त्याला." माय त्याला कडेवर घेऊन घरी आली. उद्या पुन्हा जाऊ म्हणाली, तर सकाळपर्यंत तंबू दुसऱ्या गावी निघून गेला होता.

त्या पिक्चरमधलं होडीवाल्याचं एक गाणं तेवढं तिच्याजवळ राहिलं. फार शब्द नसलेलं, वल्ह्याच्या लयीत चालणारं. आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलो. भाकरी थापताना, गोधडी शिवताना, आम्हाला ताप आल्यावर उशाशी बसून, माय तेच गायची.

अण्णांचं उलटं. सोयगावला तंबू आला की वस्तीतली पोरं बाहेर घुटमळत राहायची. इंटरवल झाला की दारवानाचं लक्ष ढिलं व्हायचं आणि पोरं कनातीखालून आत शिरायची. त्यामुळं अण्णांना असंख्य पिक्चरचे शेवट माहीत होते आणि सुरुवात एकाचीही नाही. पिक्चरची नावंही माहीत नव्हती, कारण पाट्या सुरुवातीलाच येऊन जातात. असाच त्यांनी एका परीच्या पिक्चरचा दुसरा भाग बघितला होता. एका जादूगारानं परीला काचेच्या महालात कोंडलेलं असतं. नायक घोड्यावर बसून येतो, महालाखाली उभा राहून गाणं म्हणतो, त्या गाण्यानं काच तडकते आणि परी अनवाणी पायांनी मातीवर उतरते.

तर त्या दुपारी माय "अर्धा" म्हणाली, आणि तिनं सावलीपर्यंतची गोष्ट सांगितली. अण्णांनी विचारलं, "बाई कोण होती त्यात?" मायनं नटीचं नाव सांगितलं. अण्णांचे डोळे चमकले. "अगं, उरलेला मी बघितलाय की."

आणि त्यांनी तिला शेवट सांगितला. परी पुन्हा ढगात जात नाही, जमिनीवरच राहते. मायनं फक्त एक शंका काढली, "पण होडी कुठं गेली? घोडा कुठून आला?"

अण्णा थोडा विचार करून म्हणाले, "नदी आटली असंल."

मायला ते पटलं. आमच्याकडच्या माणसाला ते पटायलाच हवं. आम्हा भावंडांनाही पटलं. मी शाळेत असताना ही गोष्ट मैत्रिणींना सांगायचे, आणि "मग नदी आटली, म्हणून त्यानं घोडा घेतला" हे वाक्य गोष्टीतलंच असल्यासारखं म्हणायचे. पुढं घरात टीव्ही आला. मायचा पिक्चर त्यावर कधी लागलाही असेल, पण ती म्हणायची, शेवट माहीत आहे, आता परत काय बघायचं.

मागच्या वर्षी आमच्या शहरातल्या मॉलमध्ये जुने पिक्चर पुन्हा मोठ्या पडद्यावर दाखवायला लागले. त्यात मायचा पिक्चर आला. मी शिकवते त्या शाळेतून येताना फलक पाहिला आणि तिथल्या तिथं रविवारच्या दुपारची तिकिटं काढली. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. माय ठेवणीतलं लुगडं नेसली. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला ती तयार नव्हती, मग आम्ही लिफ्टनं गेलो. आत बसल्यावर अण्णा म्हणाले, "लई गार हाय. शाल आणायची व्हती."

पिक्चर सुरू झाला. काळापांढरा, पण स्वच्छ केलेला. होडीवाल्याचं गाणं लागलं आणि माय पडद्याबरोबर पुटपुटायला लागली. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी वळून बघितलं, आणि मग बघतच राहिल्या, कारण मायला एकेक जागा पाठ होती. फिकी सावली वाळूवर पडली. इंटरवल झाला. दिवे लागले.

अण्णा सरसावून बसले. "आता बघ. आता जादूगार येतो."

जादूगार आला नाही. घोडा आला नाही. काचेचा महालही आला नाही. सावली गडद होत गेली, आणि ढगांच्या राजानं निरोप धाडला की सावली पूर्ण झाली की परतीची वाट बंद होईल आणि तू माणसांसारखी म्हातारी होऊन मरशील. परी म्हणाली, मरेन. पण होडीवाल्याला ते सहन होईना. त्यानंच तिला समजावून होडीत बसवलं आणि जिथं आभाळ पाण्याला टेकतं तिथं नेऊन सोडलं. शेवटच्या दृश्यात तो एकटा होडी वल्हवत परत येतो, आणि पाण्यावर सावल्या मात्र दोन असतात.

माय उठेना. पडद्यावर 'समाप्त' येऊन गेलं, झाडूवाल्या बाई आत आल्या, तरी ती बसून राहिली. डोळे पुसून शेवटी म्हणाली, "सावली ठेवून गेली."

अण्णा गोंधळून गेले होते. "हे कापलंय," ते म्हणाले. "मधला घोड्याचा भाग कापलाय यांनी."

"अण्णा," मी म्हटलं, "हा पिक्चरच वेगळा आहे."

माय त्यांच्याकडं बघून शांतपणे म्हणाली, "तुम्ही तर म्हनले व्हते ती राहती."

आम्ही रिक्षानं परत निघालो. मला खरं तर हसू येत होतं, पण मायचा चेहरा बघून मी ते दाबलं. पुढचे दोन-तीन दिवस ती गप्पच होती. रागावलेली नव्हती. स्वयंपाक करत होती, अण्णांना चहा देत होती, पण गाणं बंद होतं. आणि हसू दाबायचं भान माझ्या धाकट्या भावाला नव्हतं. तो पुण्याला असतो. मी फोनवर त्याला सगळं सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं अण्णांनाच फोन लावला. "अण्णा, शेवट तुम्ही मनानंच रचला व्हता ना? बायको खूश व्हावी म्हणून?"

अण्णांना ते लागलं. आयुष्यभर यंत्रांत काम केलेला माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेला नट कधी सैल निघाला नाही, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. ते मला म्हणाले, "मी बघितलेलं हाय. डोळ्यानं बघितलंय. गाणं सुद्धा पाठ हाय मला."

गाणं पाठ होतं, यात शंका नव्हती. काच तडकवणारं ते गाणं आमच्या अख्ख्या वस्तीला पाठ आहे. तरुणपणी अण्णांची गायन पार्टी होती. ते पेटी वाजवायचे आणि जयंतीला विहारापुढं रात्रभर गाणी व्हायची. त्या काळी पिक्चरच्या चालीवर आपले शब्द बसवायची रीतच होती. अण्णांनी त्या चालीवर शिक्षणाचं गाणं बांधलं, मुलींनो पाटी घ्या अशा अर्थाचं, आणि ते इतकं चाललं की वस्तीतल्या आताच्या पोरांना ती चाल अण्णांचीच वाटते. पण मूळ पिक्चर कोणता, ते कुणालाच सांगता येईना.

मी मोबाइल पुढं केला. हल्ली नुसतं गुणगुणलं तरी फोन गाणं शोधून देतो. अण्णा मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेऊन गायले. फोननं एक आरती काढून दिली. दुसऱ्यांदा गायले तर दंतमंजनाची जाहिरात निघाली. तिसऱ्यांदा फोन म्हणाला, काही सापडलं नाही.

"याला ताल कळत नाय," अण्णा म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "माझा ढोलकीवाला इथं असता तर त्यानं सांगितलं असतं."

त्यांचा ढोलकीवाला मित्र सोयगावलाच होता, लेकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचा. पण त्याला फोनवर ऐकू येत नसे. त्यामुळं पुढच्या रविवारी मी गाडी काढली. अण्णा पुढं बसले. निघताना माय दारात आली आणि म्हणाली, "मी बी येते. बघू तरी काय निघतं."

ढोलकीवाले काका दुकानापुढं खुर्ची टाकून बसले होते. दोघं पुष्कळ वर्षांनी भेटत होते. गळाभेट झाली, चहा झाला, कोण कोण राहिलं आणि कोण गेलं ते झालं. मग अण्णांनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "ती चाल आठवती का? परीच्या पिक्चरची?"

"कुठल्या घरीची?" काका म्हणाले.

अण्णांनी बोलायचं सोडलं आणि खुर्चीच्या हातावर ठेका धरला. काकांनी तो ठेका डोळ्यांनी बघितला. क्षणभर त्यांची बोटं मांडीवर थांबली आणि मग चालू झाली. दुकानातला रिकामा डबा त्यांनी गुडघ्यांत धरला, आणि दोघं म्हातारे पाइप आणि पत्र्यांच्या मधोमध बसून शिक्षणाचं गाणं गायला लागले. गिऱ्हाइकं थांबली. समोरच्या टपरीवरून माणसं आली. काकांचा लेक मला म्हणाला, "ताई, बाबांनी कित्येक वर्षांत ढोलकीला हात लावला नव्हता."

गाणं संपल्यावर काका दम खात म्हणाले, "पिक्चर व्हय? तो घोड्याचा?" आणि त्यांनी नाव सांगितलं. नुसतं नाव सांगून थांबले नाहीत. त्यांचा मामा तंबूत यंत्राच्या पेट्या वाहायचा, त्यामुळं त्यांनी पिक्चर सुरुवातीपासून बघितला होता. "तू पहिला भाग बघितला नाय तेच बरं झालं," ते अण्णांना म्हणाले. "लई खडूस परी हाय ती."

माय एवढा वेळ दुकानातल्या स्टुलावर बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसली. मॉलमधून आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

परतीच्या वाटेवर ती मागं बसली होती. बराच वेळ बाहेरची कपाशी बघत होती. मग तिनं अण्णांना विचारलं, "एक सांगा. तवा तुम्हाला खरंच तोच पिक्चर वाटला व्हता का?"

अण्णा समोर रस्त्याकडं बघत राहिले. "बाई तीच व्हती. परी व्हती. मला वाटलं तोच."

"आन् सावली? तुमच्या पिक्चरात सावलीचं कायच नव्हतं."

"व्हय. ते जरा खटकलं व्हतं."

"मग?"

"मग काय. तू पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलत व्हतीस. म्हनलं, सावलीचं नंतर बघू."

माय पुन्हा कपाशीकडं बघायला लागली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. मी नजर पुन्हा रस्त्यावर आणली. थोड्या वेळानं तिनं डबा उघडला, पुढच्या दोन सीटांमधून हात घालून अण्णांच्या हातात धपाटं ठेवलं, आणि म्हणाली, "खा. तिथं तुम्ही गायच्या नादात जेवलाच नाय."

अण्णांचा पिक्चर इंटरनेटवर सापडला. प्रत वाईट होती, मधूनमधून पडद्यावर नुसता पाऊस पडल्यासारखं व्हायचं. आम्ही तो त्यांच्या घरी टीव्हीवर लावला. अण्णांचा आग्रह होता की पाट्यांपासून बघायचं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या आवडत्या पिक्चरची सुरुवात बघत होते, आणि ती बघताना त्यांची पंचाईत होत गेली. काकांचं खरं निघालं. परी सारखी हुकूम सोडत होती. नायकाला तिनं तळ्यात ढकललं, त्याचा फेटा बकरीला घातला, आणि जादूगाराच्या तावडीत सापडली तीही स्वतःच्या हावरटपणानं. माय मेथी निवडत बसली होती.

"हिच्यासाठी एवढा जीव टाकला त्यानं?" ती म्हणाली.

"पुढं सुधरती," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला काय ठावं? तुम्ही तर हिला सुधरल्यावरच बघितली."

इंटरवलनंतर मात्र अण्णा सैलावले. आता सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. संवाद पडद्याच्या आधी बोलत होते. आणि मग घोडेस्वार महालाखाली उभा राहिला आणि ते गाणं लागलं. मी ती चाल शेकडो वेळा ऐकली होती, पेटीवर, ढोलकीवर, मिरवणुकीत, कर्ण्यावर. पण भरगच्च व्हायोलिनं, मागं घुंगरांचा हलका ठेका आणि मध्येच एक लांब आलाप, असं मी ते कधी ऐकलं नव्हतं. अण्णा गात नव्हते. मान खाली घालून ऐकत होते. मायनं मेथीची जुडी खाली ठेवली होती. काच तडकली, परी मातीवर उतरली, आणि अण्णांनी आमच्याकडं असं बघितलं की जणू महाल त्यांनीच फोडला.

मी भावाला फोन लावून फोन अण्णांकडं दिला. अण्णा त्याला म्हणाले, "घोडा हाय. बघून घे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर एकदा मी सहज मायला विचारलं, दोन्हींतला शेवट तुला कोणता आवडला. ती म्हणाली, "सावलीचा चांगला हाय. लई चांगला हाय. पण मी जन्मभर दुसराच धरून चालले. आता बदलून काय करू?" आणि कुकरची शिट्टी मोजायला आत गेली.

अण्णांना मात्र सावलीच्या पिक्चरचं काहीतरी देणं लागतो असं वाटत राहिलं असावं. या जयंतीच्या आधी वस्तीतली पोरं त्यांच्याकडं नवी चाल मागायला आली. दरवर्षी येतात. अण्णांनी पेटी काढली आणि मायच्या होडीवाल्याचं गाणं वाजवून दाखवलं. पोरांनी ते जन्मात ऐकलं नव्हतं. एकानं शब्द बांधले, रात्रशाळेत जाणाऱ्या बायांवर. चांगले बांधले. पण ढोलकीवाला पोरगा सवयीनं धावायला लागला. माय आतून पीठ मळत्या हातानं बाहेर आली.

"हळू," ती म्हणाली. "नाव चालली हाय ती. घोडा नाय."

तिनं पिठाच्याच हातानं ताल दाखवला आणि पहिली ओळ गाऊन दाखवली. पोरं ऐकत राहिली. मग त्यांच्यातला मोठा म्हणाला, "आजी, तुम्हीच म्हणा की."

माय नाही म्हणाली, पुन्हा नाही म्हणाली, आणि मग संध्याकाळी मला फोन करून विचारलं की निळी साडी इस्त्रीला टाकू का पांढरी. जयंतीच्या संध्याकाळी ती विहारापुढच्या स्टेजवर पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली. इतकी वर्षं ती खाली बायांत बसून अण्णांचं गाणं ऐकत आलेली. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता. दुसऱ्या कडव्याला स्थिरावला. शेजारी अण्णा पेटीवर होते आणि तिच्याकडं बघून सूर धरत होते. मागं बसलेल्या बाया ओळ उचलायला लागल्या, मग पोरी, मग कडेला उभे असलेले रिक्षावाले. मी रेकॉर्डिंग करत होते, पण मध्येच हात खाली गेला, म्हणून माझ्याकडच्या व्हिडिओत अर्धा वेळ नुसत्या चपला दिसतात.

हल्ली दोघं मॉलमध्ये जातात, जुना पिक्चर लागला की. मला सांगतही नाहीत. मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले तर कुलूप. फोन केला तर माय म्हणाली, "मारामारीचा हाय, तुला आवडायचा नाय. खिचडी झाकून ठेवलीय शेजारी, घेऊन जा." मागून अण्णा तिला काहीतरी सांगत होते. तिनं त्यांना "थांबा की जरा" म्हटलं आणि फोन ठेवला. मी शेजारून खिचडी घेतली आणि पायरीवर बसून खाल्ली. मीठ जरा जास्त झालं होतं, निघायच्या घाईत दोनदा पडलं असावं.